तीन वर्षांच्या पोराला रोज तीन तास हालचाल? बालवाडीतलं हे गणित नेमकं काय आहे

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक आकडा फिरत येतो, १८० मिनिटं. लहान मुलानं दिवसाला एवढी हालचाल करायला पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, असं वर लिहिलेलं असतं आणि खाली लगेच रिप्लाय सुरू. एक जण म्हणतो शाळाच तीन तासाची आहे, मग एबीसीडी कधी शिकवायची. दुसरी म्हणते आमचं बारकं झोपलं की मगच थांबतंय, त्याला आणखी कसली हालचाल पाहिजे. तिसरा कराटे क्लासचं पोस्टर टाकून मोकळा. आणि ग्रुपवर कुणाचे आजोबा असतील तर "आमच्या वेळी असलं काय मोजत नव्हते" हे येतंच, जे खोटं पण नाही म्हणा.

आकडा खरा आहे. पण तो अर्धाच फिरतोय आणि सगळा घोळ त्यामुळं होतोय. म्हणून पहिल्यापासून बघूया.

आकडा आला कुठनं

जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. हालचाल, बसून राहणं आणि झोप या तिन्हींचा त्यात एकत्र विचार केलाय, कारण दिवस चोवीसच तासांचा, एक वाढलं की दुसरं कमी होणार. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी त्यात असं आहे की दिवसभरात मिळून कमीत कमी १८० मिनिटं कुठलीही हालचाल, त्यातली निदान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार. बसून स्क्रीन बघणं जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर बरंच. झोप १० ते १३ तास, दुपारची धरून. आणि एक ओळ आहे जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते, ती म्हणजे मुलाला एका वेळी तासाभरापेक्षा जास्त वेळ बाबागाडीसारख्या ठिकाणी बांधून ठेवायचं नाही, आणि फार वेळ सलग बसवूनही ठेवायचं नाही.

मला विचाराल तर सगळ्यात कामाची ओळ ही शेवटचीच. तिच्याकडं परत येऊ.

"मध्यम ते जोरदार" म्हणजे काय एवढं एकदा सांगून टाकतो. श्वास वाढला, अंग गरम झालं, कपाळावर घाम दिसायला लागला, की ती मध्यम. पळता पळता पोराला एक वाक्य सलग बोलता येईना झालं की जोरदार. शिवणापाणी, जिन्यावरनं वर-खाली, चेंडूमागं धावणं, उड्या, हे सगळं यात. आणि चालणं, उभ्या उभ्या भातुकली, मातीत उकरत बसणं-उठणं, बाहुलीला कडेवर घेऊन घरभर फिरणं ही हलकी हालचाल. १८० मध्ये ती पण मोजायची. पाच वर्षं पूर्ण झाली की हिशोब बदलतो, तिथनं पुढं सतरा वर्षांपर्यंत रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हा मुख्य आकडा.

तीन तास सलग पळवायचं का?

नाही हो. आणि हे कोल्हापुरात राहणाऱ्याला समजावणं सगळ्यात सोपं. जुलैमध्ये सकाळी उठलं की आपण पहिलं काय बघतो, गगनबावड्यात किती मिलिमीटर झाला आणि राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटावर आलं. आता तो पाऊस काय चोवीस तास एकसारखा पडलेला नसतोय. एक सर येते, थांबते, मग नुसती भुरभुर, मग परत एखादी दणकट सर. पर्जन्यमापकात सगळं एकत्र साठतं आणि सकाळी एकच आकडा छापून येतो. मुलाची १८० मिनिटं तशीच साठतात. भुरभुर पण धरायची, फक्त दणकट सरींची बेरीज तासाभराची झाली पाहिजे.

लहान पोरांची हालचाल खरंच अशीच असते, तुकड्या-तुकड्यांची. कॅलिफोर्नियात १९९५ साली संशोधकांनी सहा ते दहा वर्षांच्या १५ मुलांवर सतत नजर ठेवून सेकंद मोजले होते. हलक्या-मध्यम हालचालीचा तुकडा साधारण ६ सेकंदांचा निघाला आणि जोरदारचा ३ सेकंदांचा. तीन सेकंद! पळालं, थांबलं, वाकून काहीतरी उचललं, परत पळालं. मोठ्या माणसासारखं अर्धा तास रंकाळ्याला फेऱ्या मारणं हे त्यांच्या अंगातच नसतंय, आणि तसं करायला लावलं तर दहाव्या मिनिटाला पोरगं रस्त्यातच बसणार. तो आळशीपणा नव्हे.

दमत कसे नाहीत मग, असं आया विचारतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना सायकलवर बसवून तपासलं, तर जोर लावल्यानंतर त्यांचे स्नायू थकणं आणि परत ताजं होणं हे जवळजवळ कसलेल्या खेळाडूंच्या तोडीचं निघालं. ती पोरं मोठी होती हे खरं, पण बारक्यांच्या घरात राहणाऱ्याला यात नवल वाटू नये.

बालवाडीचा दिवस मांडून बघा

आता एक साधारण दिवस धरू. कुठल्या एका शाळेचा नाही, नमुना म्हणून. कसबा बावड्यातनं पोरगं रिक्षात बसलं, सगळ्यांना गोळा करत राजारामपुरीला पोचायला २५ मिनिटं. हजेरी-प्रार्थना २०. वहीत लिहिणं ४०. रंगकाम ३०. डबा २०. स्मार्ट टीव्हीवर राइम्स २५. सुटायच्या आधी दप्तर पाठीला लावून ओळीत बसवणं १५. परत रिक्षा २५. ही बेरीज झाली २०० मिनिटं, आणि ही सगळी बसण्याची. मधे "गार्डन टाइम" म्हणून १५-२० मिनिटं घसरगुंडीजवळ सोडलं, त्यातली निम्मी रांगेत गेली.

म्हणजे झोपून उठून ताजंतवानं झालेलं पोरगं, दिवसातले सगळ्यात चांगले तीन-साडेतीन तास बसून काढतंय. पुढं जेवण, झोप, उठल्यावर दूध आणि हातात मोबाइल, आणि संध्याकाळी साडेपाचला आई किंवा बाबा मोकळे असतील तर महावीर गार्डन, नसतील तर नाही.

आता या सलग बसण्यात वाईट म्हणावं असं एकेकटं काहीच नाही बरं का. गोष्ट ऐकत बसणं तर चांगलंच, बसल्या वेळात मोठ्यांनी पुस्तक वाचून दाखवावं, गोष्ट सांगावी असं त्या सूचनांमध्येच लिहिलंय. अडचण ती एकापाठोपाठ एक लावण्यात आहे.

आणि हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलायनामध्ये २४ बालवाड्यांत बसून संशोधकांनी मुलांचं निरीक्षण केलं, २००८ साली ते छापून आलं. जितक्या वेळा बघितलं त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त वेळा मुलं बसलेली किंवा जागेवर होती, आणि मध्यम ते जोरदार हालचाल ३ टक्क्यांपेक्षाही कमी वेळा दिसली. त्याच मंडळींनी त्याआधी २००४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती जी मला जास्त महत्त्वाची वाटते: मूल किती हलतंय हे ते कुठल्या बालवाडीत जातंय यावर बरंच ठरतं. म्हणजे "आमचा मुळातच शांत आहे" आणि "ही मुळातच अवखळ" यापलीकडं शाळेचं वेळापत्रक आणि शाळेची सवय यांचा पण हात असतो.

"आमचं तर दिवसभर धिंगाणा घालतंय"

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं आणि ते मनापासूनचं असतं. पण आपल्याला लक्षात राहतो तो धिंगाणाच. सोफ्यावरनं मारलेली उडी आठवते, त्याच्या आधी शांत बसून बघितलेलं पाऊण तासाचं कार्टून आठवत नाही, कारण तेव्हा आपण भाकरी उरकून घेत होतो.

म्हणून संशोधक आईबापांना विचारण्यापेक्षा कमरेला किंवा मनगटाला एक छोटं यंत्र बांधतात, ॲक्सेलरोमीटर म्हणतात त्याला. अंग किती जोरात हललं ते हे यंत्र दर काही सेकंदांना नोंदवतं. आपल्या मोबाइलमध्ये पावलं मोजतात तेही तसल्याच यंत्रानं. यंत्रानं मोजलं की मोठ्यांच्या अंदाजापेक्षा आकडे बऱ्याचदा खाली येतात. आणखी एक गोष्ट सारखी सारखी दिसते, या वयातच मुलींची हालचाल मुलग्यांपेक्षा कमी भरते. पाय मुलींचे पण तेवढेच चालतात. "फ्रॉक खराब होईल", "मुलीच्या जातीनं एवढं हुंदडू नये" हे तीन वर्षांच्या पोरीला ऐकवणारे आपणच.

बसून राहिलं तर बिघडतं काय?

वजन ही एकच गोष्ट लोकांच्या डोक्यात असते, ती पुढं सांगतो. पण माझ्या दृष्टीनं पहिला मुद्दा अंगाच्या शहाणपणाचा आहे. पळणं, लंगडी, उडी, झेल, फेक, तोल सांभाळणं या हालचालींची अक्षरओळख म्हणा हवं तर, ती तीन ते सहा या वयात होते. ही काय वय वाढलं की आपोआप येत नाही, करून करून येते. ज्याला चेंडू झेलता येत नाही ते पोरगं तिसरीत गेल्यावर गल्लीतल्या क्रिकेटमध्ये नुसतं बाउंड्रीवर उभं राहतंय, मग खेळायलाच येईनासं होतंय. फुटबॉलसाठी वेडं होणाऱ्या आणि शाहू स्टेडियम भरवणाऱ्या आपल्या गावात बघणारे लई झालेत, खेळणारी पोरं कुठनं येणार त्याचं मूळ इथं आहे.

दुसरं, डोळे. चीनमध्ये ग्वांगझू शहरात २०१० पासून तीन वर्षं १२ शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर सोडलं, आणि सुट्टीच्या दिवशी पण बाहेर न्या असं पालकांना सांगितलं. तीन वर्षांत तिथं ३०.४ टक्के मुलांना लांबचं धूसर दिसायला लागलं, ज्या शाळांनी काही बदललं नाही तिथं ३९.५ टक्के मुलांना. बाहेरच्या लख्ख उजेडाचा डोळ्याच्या वाढीवर परिणाम होतो असं शास्त्रज्ञ मानतात. त्यामुळं हॉलमध्ये एसी लावून झुंबा घेतला तर हालचाल होईल, उजेड मिळणार नाही.

आणि वजन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ ला २.१ टक्के होतं, २०१९-२१ ला ३.४ टक्के. आकडा लहान आहे, आपल्याकडं अजून कुपोषण त्याच्या कितीतरी पट मोठं आहे, पण दोन्ही एकाच गावात, कधी एकाच गल्लीत दिसतात ही खरी गंमत.

"आधीच बारीक आहे, खेळून आणखी वाळेल"

आजीचं हक्काचं वाक्य. यात दोन गोष्टी आहेत.

पहिली, या वयात मूल बारीक दिसणारच. पहिल्या वर्षाचं गुटगुटीत बाळ पुढं उंच होत जातं, उंचीच्या मानानं वजन कमी कमी दिसत पाच-सहा वर्षांच्या आसपास सगळ्यात खाली येतं, आणि मग परत भरायला लागतं. निसर्गाचा क्रमच तो. उलट हे भरणं फार लवकर, चार वर्षांच्या आतच सुरू झालं तर पुढं लठ्ठपणाचा धोका जास्त असतो. म्हणजे बरगड्या दिसल्या म्हणून तुपाची वाटी तोंडाला लावायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट पुण्याची. केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं पुणे भागात जन्मलेली बाळं आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं यांची तुलना केली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोंची, त्यांची ३.५ किलोंची. स्नायू आपल्या बाळांचे कमी, पण कातडीखालची चरबी मात्र वजनाच्या मानानं जवळपास टिकून होती. दिसायला बारीक, आतनं चरबी. मोठेपणी मधुमेह आपल्याकडं लवकर गाठतो त्याची पाळंमुळं इथपर्यंत जातात असं ते सांगतात. तेव्हा बारीक पोराला बसवून ठेवल्यानं त्याच्या अंगावर चढणार ते स्नायू नव्हेत.

खेळून भूक लागते, हे आजीला पण माहीत आहेच की. फक्त अंगणवाडीच्या वजनाच्या तक्त्यात मूल खरंच खालच्या पट्ट्यात असेल, सारखं आजारी असेल, दम लागत असेल किंवा पळताना ओठ निळे पडत असतील तर आधी डॉक्टर, मग बाकीचं.

"मग लिहायला कधी शिकणार?"

खरा आक्षेप हाच. बाकीचे सगळे याच्या आडोशाला उभे असतात.

मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली साधारण तीनच दिसतात, कारण बाकीची अजून हाडं झालेलीच नाहीत, नुसती कूर्चा आहे, कानाच्या वरच्या भागासारखी लवचिक. एकेक करत बरीचशी सहा-सातपर्यंत दिसायला लागतात आणि शेवटचं तर त्याच्याही पुढं. अशा मनगटाकडनं आपण चार रेघी वहीत पानभर "अ" गिरवून घेतोय. शिवाय अंगावर ताबा येतो तो मधनं टोकाकडं, आधी मान-पाठ, मग खांदा, मग कोपर, सगळ्यात शेवटी बोटं. पाठ आणि खांदा भक्कम नसेल तर पोरगं बाकावर रेलतं, वहीवर आडवं पडतं, पेन्सिल मुठीत आवळून धरतं आणि पाच मिनिटांत हात दुखला म्हणतं. बाई म्हणतात लक्ष देत नाही. तो लोंबकळला, चढला, माती कालवली, कणकेचा गोळा मळला, दोरी ओढली की त्या खांद्यात आणि बोटांत जोर येतो, आणि हे लिहिण्याचंच काम चाललेलं असतं, फक्त आपल्याला ते वहीत दिसत नाही म्हणून फी वाया गेल्यासारखी वाटते.

२०२० चं नवीन शैक्षणिक धोरण आणि त्यावरनं पायाभूत स्तरासाठी २०२२ मध्ये आलेला आराखडा, दोन्हींमध्ये तीन ते सहा वयात खेळातनंच शिकवायचं असं म्हटलंय. पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षं, हे पण त्यातलंच. आणि कुणाला हे परदेशी खूळ वाटत असेल तर आपल्याच ताराबाई मोडक आठवा. गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला, १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, पुढं अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. उघड्यावर, हाताला मिळेल त्या साधनांनी, मुलांना हिंडू-फिरू देत. आपण शंभर वर्षांनी वाय-फायवाल्या प्रीस्कूलला फी भरून पोराला बाकावर बसवतोय.

पण शाळांनाच दोष देणं सोपं आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात बालवाडीच्या शिक्षिकांशी बोलून २०१२ मध्ये एक अभ्यास छापला गेला, मुलं बाहेर का सुटत नाहीत याचा. तीन कारणं आली: दुखापतीची भीती, पैशांची चणचण आणि अभ्यासाचं दडपण, जे पालकांकडनं पण येत होतं. इथल्या कुठल्याही बाईंना विचारा, याच तीन गोष्टी सांगतील, वर "वही कोरी गेली की संध्याकाळी आईचा फोन" ही चौथी.

"पडलं, लागलं तर कोण जबाबदार?"

लागणार. गुडघे फुटणार. पडायचं कसं हे पण पडूनच कळतंय, हात पुढं टाकणं, गोल वळणं. १९१२ साली शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान उभारलं त्या गावात हे सांगायला लागावं याचं मला हसू येतं. तालमीत तांबडी माती उगाच मऊ करून ठेवत नाहीत, पडणं धरूनच ती तयार केलेली असते.

शाळेनं तेच करायचं. घसरगुंडीखाली फरशी नको, वाळू किंवा माती पाहिजे. खिळे, तुटका पत्रा, उघडी टाकी, गेट, हे बघायला माणूस पाहिजे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं खासगी प्लेस्कूलसाठी २० मुलांमागं एक शिक्षिका आणि एक मदतनीस असं सांगितलंय. चाळीस पोरांमागं एकच बाई असेल तर ती बिचारी सगळ्यांना बसवूनच ठेवणार, मी तिच्या जागी असतो तर मी पण तेच केलं असतं.

"जागाच नाही आमच्याकडं", आणि पाऊस

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत बालवाडी चालते, तिथं मैदान कुठनं आणणार. पण मोठ्या मैदानापेक्षा दोन गोष्टींनी जास्त फरक पडतो. एक, हलकं-फिरतं सामान. चेंडू, रिंग, जुना टायर, ओढायची गाडी, दोरी. पक्क्या लोखंडी घसरगुंडीवर एक पोरगं घसरतं आणि नऊ रांगेत उभी असतात, दहा चेंडूंमागं दहा पोरं पळतात. दोन, एका वेळी कमी मुलं आणि जास्त वेळा. बाहेर सोडल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं पोरं सगळ्यात जास्त पळतात, मग मंदावतात. म्हणून चाळिसांना एकदाच अर्धा तास सोडण्यापेक्षा वीस-वीसच्या दोन तुकड्या करून प्रत्येकीला पंधरा मिनिटं दोनदा सोडलं तर त्याच अंगणात, प्रत्येक मुलाच्या वाट्याला तेवढीच मिनिटं येऊन जास्त पदरात पडतं.

आणि बाईंनी स्वतः पदर खोचून आत उतरायचं. खुर्चीवर बसून "पळा रे" म्हटलं तर कोण पळतंय.

जून ते सप्टेंबर आपल्याकडं काय अवस्था असते ते सांगायला नको. तेव्हा वर्गातच सतरंज्या गुंडाळून उड्या मारायचे अडथळे, फरशीवर खडूनं आखलेली लंगडी, बाकाखालनं रांगत जायचा बोगदा, डफावर थाप पडली की नाचायचं आणि थांबली की पुतळा. कृतीची बडबडगीतं तर अंगणवाडीताई कधीपासून घेतातच, तीच उभ्यानं आणि जरा जोशात. पाऊस थांबला, ऊन पडलं की दहा मिनिटं बाहेर, चिखल असला तरी. चिखल धुऊन निघतो.

"कराटे लावलाय की आम्ही"

लावा, वाईट काही नाही. पण चार वर्षांच्या मुलांचा कुठलाही क्लास जाऊन एकदा घड्याळ लावून बघा. तासातला बराच वेळ ओळ करणं, सरांचं ऐकणं आणि स्वतःचा नंबर यायची वाट बघणं यात जातो. आठवड्यातनं दोन दिवसांचा तासभर क्लास आणि रोजचे साडेतीन तास बसणं यांची फिटंफाट होत नाही. दणकट सर आठवड्यातनं दोनदाच पडून कसं चालेल, रोजचा आकडा रोज भरायचा आहे.

सकाळच्या झोपेचं पण बघा. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं ते मुलांच्या झोपेसाठीच. ती वाचलेली झोप रात्री अकरापर्यंत रील्स बघून घालवली तर आदेशाचा काय उपयोग.

बूट, टाय, घेर

छोटी गोष्ट वाटते पण सिनसिनाटीच्याच संशोधकांनी २००९ मध्ये यावर वेगळा लेख लिहिलाय: पायात सटकणारी चप्पल, अंगात जपायचे कपडे असले की पोरं खेळत नाहीत, आणि कपडे मळले म्हणून पालक चिडतात या भीतीनं शिक्षिका त्यांना बाहेर काढत नाहीत. आपल्याकडं तीन वर्षांच्या पोराला टाय, पट्टा, काळे बूट, मोजे. वाढदिवस असला तर शेरवानी. साधी चड्डी-टीशर्ट आणि मागं पट्टा असलेली सँडल, मळले तर मळले, एवढं पालक सभेत एकदा सगळ्यांनी मिळून सांगितलं तर बाई दुवा देतील.

प्रवेश घेताना काय विचाराल

"खेळाचा तास आहे का?" असं विचारलं की उत्तर नेहमी "हो" येतं, ब्रोशरवर घसरगुंडीचा फोटो असतोच. त्यापेक्षा विचारा, मुलं एका दमात जास्तीत जास्त किती वेळ बसलेली असतात? इथं बाई क्षणभर अडखळतील, आणि मग जे सांगतील ते खरं असेल. वीस-पंचवीस मिनिटांनी उठवतो, हालवतो, मग परत बसवतो असं उत्तर आलं तर मैदान लहान असलं तरी मी पोराला तिथं घालेन.

मग हळूच पुढचं. बाहेर दिवसातनं किती वेळा सोडता, पावसाळ्यात काय करता, चेंडू किती आहेत आणि ते कपाटात कुलपात असतात का, मस्ती केली म्हणून शिक्षा काय देता. हे शेवटचं नक्की विचारा, कारण "आज तुला गार्डन नाही" ही शिक्षा बऱ्याच ठिकाणी चालते आणि ती नेमकी त्याच पोराला मिळते ज्याला बाहेर जायची सगळ्यात जास्त गरज असते.

प्रवेश आधीच झाला असेल तर रिक्षामामांचा फेरा बघा. बावड्यातनं सगळ्यात आधी बसणारं आणि सगळ्यात शेवटी उतरणारं पोरगं तुमचंच असेल तर रोजची वीस-तीस मिनिटं तिथंच अडकतायत. शाळा चालत जाण्यासारखी असेल तर आठवड्यातनं काही दिवस तरी चालत न्या, दप्तर तुमच्या खांद्यावर घ्या आणि अर्धा तास आधी निघा, कारण वाटेत प्रत्येक कुत्रं, प्रत्येक पायरी आणि प्रत्येक डबकं बघून झाल्याशिवाय ते पुढं सरकत नाही.